एसयूव्हीची बॅटरी बदलण्याआधी जुनी का गेली ते शोधा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. दोन लिटर डिझेल इंजिनची एसयूव्ही आहे, तिला स्टार्ट-स्टॉप आहे, म्हणजे थांबल्यावर इंजिन आपोआप बंद-चालू होण्याची सोय. कंपनीतून आलेली ७० एएचची (एएच म्हणजे बॅटरीचा साठा) एजीएम बॅटरी, म्हणजे काचेच्या तंतूंच्या गादीत अ‍ॅसिड मुरवलेली, साडेचार वर्षं चालली. आता सकाळी सेल्फ जड फिरतो आणि स्टार्ट-स्टॉपने तर कित्येक महिन्यांपासून काम सोडलंय. दुकानदार म्हणतो, एजीएमच्या निम्म्या पैशात साधी ८० एएच बसवून देतो, ताकद उलट जास्तच मिळेल. गाडी रोज पाच-सात किलोमीटर धावते आणि वर्षभरापूर्वी तुम्ही डॅशकॅम बसवलाय.

आधी निर्णय सांगतो. त्याच मापाची ७० एएच एजीएमच घ्या, साधी ८० नको. मात्र नवी बॅटरी बसवण्याआधी एक दिवस थांबून दोन-तीन मापं घ्या. तुमच्या वर्णनावरून मला वाटतं की जुनी बॅटरी नुसती वयाने गेलेली नाही, तिला उपाशी ठेवलं गेलंय. ते कारण तसंच राहिलं तर नवी एजीएमही लवकर जाईल, आणि मग तुम्ही म्हणाल की महागाची घेऊन काय मिळालं.

मी तेवीस वर्षं गाड्यांचं वायरिंग आणि बॅटऱ्यांचं काम करतोय. 'बॅटरी बसली' म्हणून आलेल्या गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांत बॅटरी हा आजार नसतो, आजाराचं लक्षण असतं. एका कुटुंबाच्या एसयूव्हीची बॅटरी दीड वर्षात दोनदा बदलली गेली होती. तिसऱ्यांदा गाडी माझ्याकडे आली तेव्हा सापडलं की डिकीच्या झाकणाचा स्विच अडकून आतला दिवा चोवीस तास जळत होता. झाकण लावल्यावर तो कुणाला दिसणार? पाच वॉटचा दिवा, म्हणजे सुमारे ०.४ अँपियर, म्हणजे दिवसाला दहा एएच. दोन चांगल्या बॅटऱ्या त्या एका स्विचमुळे भंगारात गेल्या.

म्हणून आधी मापं. साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. गाडी रात्रभर उभी राहू द्या आणि सकाळी दार उघडायच्या आत, शक्य झालं तर बॉनेट आदल्या रात्रीच नुसतं टेकवून ठेवून, बॅटरीच्या दोन टर्मिनलांमध्ये व्होल्टेज बघा. दार उघडलं की आजच्या गाड्यांचे सगळे कंट्रोलर जागे होतात आणि आकडा खाली येतो. साध्या अ‍ॅसिडच्या बॅटरीत १२.६ ते १२.७ म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे जवळजवळ रिकामी. एजीएमचे आकडे साधारण ०.१ ते ०.२ व्होल्टने वर असतात, भरलेली एजीएम १२.८ च्या वर दाखवते. गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर प्लेटांच्या पृष्ठभागावरचा तात्पुरता चार्ज तुम्हाला फसवतो. अशा वेळी हेडलाइट दोन मिनिटं लावून बंद करा, थोडं थांबा आणि मग मोजा.

मग कुणाला तरी सेल्फ मारायला सांगून त्याच दोन टर्मिनलांवर आकडा बघत राहा. इंजिन फिरताना ९.६ च्या खाली घसरला तर बॅटरी एक तर रिकामी आहे किंवा थकलेली. पण टर्मिनलवर १०.५ टिकून असताना सेल्फ जड फिरत असेल तर बॅटरीला दोष देऊ नका. जाड वायर, अर्थची पट्टी (बॅटरीचा निगेटिव्ह इंजिन-बॉडीला जोडणारी) किंवा सेल्फ मोटर बघा. बॅटरीचा निगेटिव्ह खांब (टर्मिनल) आणि इंजिनचा उघडा धातू यांच्यामध्ये मीटर लावून सेल्फ मारा. तिथे ०.२-०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ खराब आहे. एक गंजलेली पट्टी घासून घट्ट केल्यावर 'मेलेली' बॅटरी पुढे दोन वर्षं चाललेली मी पाहिली आहे.

तिसरं माप चार्जिंगचं. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.७ दिसायला हवं. तुमच्या गाडीत बहुधा स्मार्ट अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारं यंत्र) असणार. तो बॅटरी बऱ्यापैकी भरली की व्होल्टेज मुद्दाम १२.८ पर्यंतही खाली आणतो आणि ब्रेक मारताना, उतारावर पुन्हा वर नेतो. त्यामुळे एका क्षणाचा कमी आकडा पाहून अल्टरनेटर बदलायला जाऊ नका, दहा मिनिटं गाडी चालवताना काय होतं ते बघा. या पद्धतीत बॅटरी मुद्दाम साधारण ऐंशी टक्क्यांवर ठेवली जाते, म्हणजे ब्रेकमधून मिळणारी ऊर्जा साठवायला जागा राहते. साध्या बॅटरीला असं कायम अर्धपोटी राहणं मानवत नाही. प्लेटांवर सल्फेटचे कडक थर बसतात, अ‍ॅसिड जड होऊन तळाला जातं, वरचा भाग पातळ राहतो आणि प्लेटांचं मटेरियल झडत जातं.

एजीएमचा फरक इथेच पडतो. तिच्यात अ‍ॅसिड मोकळं नसतं, काचेच्या तंतूंच्या गादीत मुरलेलं असतं आणि प्लेटा त्या गादीत दाबून बसवलेल्या असतात. अ‍ॅसिडचे थर होत नाहीत, मटेरियल झडायला वाव कमी राहतो, आतला रोध कमी असतो, त्यामुळे चार्जही पटकन घेते. ईएफबी ही मधली पायरी. ती अ‍ॅसिडचीच बॅटरी, पण प्लेटांवर जाळीदार अस्तर आणि मटेरियलमध्ये सुधारणा, म्हणून वारंवार होणारं थोडं थोडं चार्ज-डिस्चार्ज साध्या बॅटरीपेक्षा खूप चांगलं सोसते. नियम सोपा आहे: कंपनीने एजीएम दिली असेल तर एजीएमच, ईएफबी दिली असेल तर ईएफबी किंवा, चार्जिंगची मांडणी चालत असेल तर, एजीएम. वरच्या पायरीवर जाता येतं, खाली उतरू नये. तुमच्या दुकानदाराची साधी ८० एएच पहिले काही महिने झकास चालेल, सेल्फ खटकन लागेल. पण स्टार्ट-स्टॉपच्या गाडीत तिचं आयुष्य एजीएमच्या आसपासही जात नाही.

शिवाय ती बसणार कुठे? ७० एएच एजीएम बहुतेक वेळा एच ६ मापात येते, म्हणजे २७८ मिलिमीटर लांब, १७५ रुंद, १९० उंच. ८० एएच त्याच घराण्यात एच ७ मध्ये, ३१५ मिलिमीटर. तुमचा ट्रे एच ६ चा असेल तर साडेतीन-चार सेंटिमीटर कुठून आणणार? 'बसवून देतो' म्हणणारे खालचा क्लॅम्प काढून टाकतात, पट्ट्याने बांधतात किंवा उष्णतेपासून वाचवणारं कव्हर फेकून देतात. एसयूव्ही खडबडीत रस्त्यावर जाते. सैल बॅटरीच्या प्लेटा आतल्या आत हादरून तुटतात, आणि ती सरकून पॉझिटिव्ह खांब पत्र्याला लागला तर आग लागू शकते. मी स्वतः सुरुवातीच्या काळात एका गाडीत उंच खांबांची जपानी ढंगाची बॅटरी बसवली होती. बॉनेट लावल्यावर खांब आणि पत्रा यात बोटभरही जागा उरली नव्हती. दुसऱ्या दिवशी ग्राहकाला बोलावून ती काढली आणि रात्रभर झोप लागली नव्हती हे मला अजून आठवतं. तेव्हापासून लांबी-रुंदी-उंची, क्लॅम्पची जागा आणि खांबांची बाजू टेपने मोजल्याशिवाय मी बॅटरी उचलत नाही.

खांबांबद्दल जरा जास्त सांगतो, कारण इथे भले भले चुकतात. युरोपीय मापाच्या बॅटरीत खांब वरच्या पातळीच्या आत खोलगट बसतात आणि क्लॅम्प तळाच्या कडेला धरतो. जपानी मापात खांब वर उभे असतात आणि आडवी पट्टी वरून दाबते. जपानी कोड असा वाचायचा: '१०५डी३१आर' मध्ये १०५ हा कामगिरीचा दर्जा आहे (एएच नव्हे!), 'डी' ही रुंदी-उंचीची खूण, ३१ ही सेंटिमीटरमधली लांबी आणि शेवटचं अक्षर खांबांची मांडणी. गंमत अशी की 'एल' लिहिलेल्या बॅटरीचे खांब आपल्याकडे करून ठेवले तर पॉझिटिव्ह उजवीकडे येतो. लोक 'एल' म्हणजे डावा पॉझिटिव्ह समजून उलटी बॅटरी आणतात आणि मग वायर ताणून बसवायला बघतात. त्यापेक्षा अक्षराच्या नादी लागू नका. जुन्या बॅटरीचा फोटो खांब आपल्याकडे करून काढा आणि नवी शेजारी तशीच ठेवून बघा. खांबांची जाडीही बघा. काही जपानी मापांत खांब बारीक असतात, त्यावर जाड क्लॅम्प पत्र्याचा तुकडा घालून घट्ट करणारे लोक पुढच्या बिघाडाची सोयच करून ठेवतात.

आता आकडे. एएच म्हणजे साठा. ७० एएच म्हणजे ३.५ अँपियर वीस तास, व्होल्टेज १०.५ ला येईपर्यंत. सीसीए म्हणजे थंडीत एकदम किती जोर देऊ शकते ते: उणे १८ अंशांवर ठरावीक सेकंदांपर्यंत ठरावीक व्होल्टेजच्या वर राहून मिळणारा करंट. डिझेलला सीसीए महत्त्वाचा, कारण कॉम्प्रेशन जास्त आणि वर सिलिंडर आतून तापवणारे ग्लो प्लगही करंट ओढतात. मात्र आकडे तुलना करताना त्यांच्याखालचं मानक बघा. अमेरिकी एसएई चाचणी तीस सेकंद ७.२ व्होल्टच्या वर, युरोपीय ईएन दहा सेकंद ७.५ च्या वर, जुन्या डीआयएन चाचणीत तीस सेकंदांनंतर ९ व्होल्ट हवेत. त्यामुळे तीच बॅटरी डीआयएनच्या आकड्यात बरीच 'लहान' दिसते. दोन लेबलं शेजारी ठेवून मोठा आकडा निवडणारा माणूस कधी कधी लहान बॅटरी घरी नेतो. एच ६ एजीएमवर ईएन ७६० अँपियर हा नेहमीचा आकडा आहे. तुमच्या जुन्या बॅटरीवरचा आकडा वाचा आणि त्याच मानकात तेवढा किंवा थोडा जास्त घ्या.

मोठी बॅटरी अल्टरनेटर जाळते असंही कुणी सांगेल. तसं काही नसतं. अल्टरनेटर तेवढंच परत भरतो जेवढं वापरलं गेलं, टाकी मोठी असली म्हणून वापर वाढत नाही. अल्टरनेटरला त्रास होतो तो पार रिकाम्या बॅटरीची गाडी ढकलून किंवा जंपर लावून स्टार्ट करून लगेच लांब चालवल्यावर. तेव्हा तो बराच वेळ पूर्ण ताकदीने तापतो. पार उतरलेली बॅटरी चार्जरवरच भरा.

हा मुद्दा तुमच्या पाच-सात किलोमीटरच्या फेऱ्यांशी थेट जोडलेला आहे. सेल्फ मारायला लागणारी वीज लोकांना वाटते त्यापेक्षा फारच कमी असते. तीनशे अँपियर दोन सेकंद म्हणजे जेमतेम ०.१७ एएच. ती पाच-दहा मिनिटांत सहज भरून निघते. बॅटरी खाते ती गाडी उभी असतानाची गळती. चावी काढून सगळे कंट्रोलर झोपल्यावर ५० मिलिअँपियरच्या आत करंट असावा. तेवढाही दिवसाला १.२ एएच, महिन्याला छत्तीस होतो. आता तुमचा डॅशकॅम. पार्किंग मोडमध्ये, म्हणजे गाडी उभी असतानाही रेकॉर्डिंग करताना, तो अडीचशे मिलिअँपियर घेत असेल तर दिवसाला सहा एएच गेले. शनिवार-रविवार गाडी हलली नाही की सत्तरपैकी बारा. सोमवारी पाच किलोमीटर गाडी चालवून हे भरत नाही, कारण लेड बॅटरी शेवटचे वीस टक्के फार सावकाश घेते, तिथे मिनिटांचं नाही तर तासांचं काम असतं. तुमचं स्टार्ट-स्टॉप महिनोन्‌महिने बंद होतं ना, ती गाडीच्या सेन्सरने दिलेली सूचना होती: साठा पुरेसा नाही, म्हणून मी इंजिन बंद करणार नाही.

गळती मोजायला डीसी करंट दाखवणारा क्लॅम्प मीटर उत्तम, तो निगेटिव्ह वायरभोवती नुसता लावायचा. साधा मल्टिमीटर वायर सोडून मध्ये जोडता येतो, पण तसा जोडलेला असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज क्षणात जाईल. बॉनेटचं लॅच स्क्रूड्रायव्हरने बंद करून ठेवा म्हणजे गाडीला बॉनेट लागलंय असं वाटेल, चावी लांब ठेवा आणि अर्धा तास थांबा. सगळं झोपायला तेवढा वेळ लागतो. आकडा जास्त आला तर एकेक फ्यूज काढून बघा. तुमच्या बाबतीत सुरुवात डॅशकॅमच्या फ्यूजपासून करा.

त्या डॅशकॅमच्या वायरिंगकडे आणखी एका कारणासाठी बघा. निगेटिव्ह खांबावर एक छोटा चौकोनी सेन्सर असतो, तो बॅटरीत किती आलं आणि किती गेलं याचा हिशेब ठेवतो. डॅशकॅमचा निगेटिव्ह थेट खांबाला जोडला असेल तर तो करंट सेन्सरमधून जातच नाही आणि गाडीचा हिशेब कायम चुकतो. निगेटिव्ह बॉडीवरच्या अर्थच्या बोल्टला लावा. चार्जर किंवा जंपर केबल लावतानाही हेच. आणि पार्किंग मोड हवाच असेल तर ठरावीक व्होल्टेजला स्वतः बंद होणारं किट वापरा, कट-ऑफ १२.२ वर नव्हे, १२.४ वर ठेवा.

नवी बॅटरी घेताना तिची जन्मतारीख बघा. शेल्फवर पडून असलेली बॅटरी हळूहळू उतरत राहते आणि उतरलेल्या अवस्थेत सल्फेट धरते. तीन महिन्यांच्या आतली उत्तम, सहा महिन्यांपेक्षा जुनी मी तरी घेत नाही. तारीख बहुतेकदा खांबावर किंवा झाकणावर कोडमध्ये ठोकलेली असते, विक्रेत्याला ती वाचून दाखवायला सांगा. दुकानातच मीटर लावा. एजीएम १२.६ च्या खाली असेल तर दुसरी मागा. वॉरंटीचे महिने वाचताना त्यातले किती महिने नवी बॅटरी मिळते आणि किती महिने फक्त प्रमाणात सूट, हे वेगळं विचारा. ठळक छापलेला आकडा सहसा दोन्हींची बेरीज असते.

टेस्टरने काढून दिलेली पावती पाहून घाबरू नका आणि भुलूही नका. ते यंत्र बॅटरीतून मोठा करंट काढत नाही, रोधावरून अंदाज बांधतं. त्यात बॅटरीचा प्रकार आणि सीसीए चुकीचा भरला तर निकालही चुकतो. अर्धी उतरलेली बॅटरी 'बदला' म्हणून दाखवली जाते. आधी पूर्ण चार्ज, मग चाचणी. आणि एजीएम चार्ज करताना चार्जर एजीएमच्या मोडवर ठेवा, १४.८ व्होल्टच्या वर नेऊ नका. जुन्या चार्जरचा सल्फेट तोडण्याचा मोड पंधरा-सोळा व्होल्टपर्यंत जातो. एजीएममध्ये सुकलेलं पाणी परत भरता येत नाही.

लिथियमबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण कुणीतरी सुचवेलच. शून्याच्या खाली ती चार्ज करता येत नाही, इंजिनच्या बाजूची उष्णता तिला सोसत नाही आणि तुमच्या गाडीचं चार्जिंग लेडच्या हिशेबाने ठरवलेलं आहे. रोजच्या एसयूव्हीत सेल्फसाठी ती नको.

उष्णतेचं म्हणाल तर बॅटरीला मारते ती उष्णताच, थंडी फक्त ते उघड करते. तापमान दहा अंशांनी वाढलं की आतल्या रासायनिक क्रिया, गंज धरून, ढोबळमानाने दुप्पट वेगाने होतात. म्हणून बॅटरीभोवतीचं फोमचं किंवा प्लॅस्टिकचं आवरण परत बसवलंय की नाही ते बसवणाऱ्यासमोर उभं राहून बघा. तुमच्या गाडीत बॅटरी सीटखाली किंवा डिकीत असेल तर वायूची बारीक नळी जोडलेली असणं आवश्यक आहे. ती विसरली तर जास्त चार्ज होताना निघणारा हायड्रोजन केबिनमध्ये येतो.

बसवताना आधी निगेटिव्ह सोडायचा आणि शेवटी निगेटिव्ह लावायचा. नवी बॅटरी बसवण्याआधी एक रात्र चार्जरवर ठेवता आली तर फार छान. बसवून झाल्यावर गाडीच्या कंट्रोलरला बॅटरी बदलल्याचं सांगावं लागतं. बीएमडब्ल्यू, ऑडीसारख्या गाड्यांत हे स्कॅनरने नोंदवावंच लागतं, काही गाड्या काही तास बंद उभ्या राहिल्या की आपोआप शिकतात. तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये हे लिहिलेलं असतं. नोंद न केल्यास गाडी नव्या बॅटरीला जुनी थकलेली समजून चार्ज करत राहते. खिडक्यांचं एका टचमध्ये बंद होणं आणि घड्याळ पुन्हा सेट करावं लागेल, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

मग दर पंधरा दिवसांनी एकदा तासभर सलग गाडी चालवा, ते जमत नसेल तर रात्रभर चार्जर लावा. बॅटरी बसवल्यापासून आठव्या दिवशी सकाळी, दार न उघडता, पुन्हा व्होल्टेज मोजा. १२.५ च्या वर असेल तर काम झालं. त्याच्या खाली असेल तर डॅशकॅमचा फ्यूज काढून आणखी आठ दिवसांनी मोजा. तरीही आकडा खालीच राहिला तर बॅटरी परत करायला जाऊ नका, मीटर घेऊन फ्यूजबॉक्सपाशी बसा.